माळ्यावरून निघालेली अनोळखी वस्तू: मोडीत घालण्याआधी ओळखायची कशी

आधी पितांबरी आणि चिंच दोन्ही बाजूला ठेवा. माळा आवरताना, वाडा उतरवताना किंवा आजीच्या ट्रंकेच्या तळाशी काही अनोळखी हाताला लागलं की पहिली हौस येते ती घासून लख्ख करायची. थांबा. वस्तू कुठल्या कामाची होती हे सांगणारा निम्मा पुरावा त्या मळातच असतो, आणि एका घासणीत तो मोरीतून वाहून जातो.

कराडला आमचं भांड्यांचं दुकान आहे. नवी भांडी विकतो, जुनी मोडीत घेतो. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर मोड पोत्यांनी येते. हंडे, कळश्या, परातींच्या गर्दीत एखादी वस्तू अशी निघते की आणणाराच म्हणतो, ‘वहिनी, हे काय आहे कुणास ठाऊक, घ्या वजनावर.’ अशी वस्तू मी काट्यावर टाकत नाही, गल्ल्याशेजारच्या फळीवर ठेवते. माझ्या सासऱ्यांची ही सवय. खाली लिहिलेली पद्धत बरीचशी त्यांची आहे, थोडी माझी.

मळ काय सांगतो

दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नाही, आडवा टाकला की खाचा, ठोके, पुसट अक्षरं सगळं उठून येतं.

कोपऱ्यात पांढरा, कोरडा थर असेल तर लिंबाचा एक थेंब टाका. फसफसलं तर बहुधा चुना, म्हणजे वस्तू पानाच्या तबकातली. मात्र बंबाच्या आणि घंगाळाच्या आत साचलेला पाण्याचा क्षारही असाच फसफसतो, तेव्हा वस्तूचा आकार बघून ठरवा. तळहातावर मावणाऱ्या डबीत पाण्याचा क्षार कुठून येणार? खाचेत लाल पूड दिसली तर कुंकू. छोट्याशा डबीत पिवळट, चिकट मेण असेल तर तीही कुंकवाच्याच सरंजामातली. पूर्वी कपाळावर आधी मेणाचं बोट लावून मग कुंकू टेकवत.

काजळी कुठं आहे याला फार महत्त्व. बाहेरून बुडाला काळं असेल तर ते भांडं चुलीवर चढत होतं. आतून किंवा एकाच बाजूच्या काठाला काळं असेल तर तो दिवा, किंवा धुपाटणं.

मग कल्हई. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याच्या आत चंदेरी थर, निदान त्याचे उरलेले चट्टे दिसले, तर त्यात अन्न शिजत किंवा राहत होतं. आंबट पदार्थ पितळेत कळकतो म्हणून कल्हई लागायचीच. कल्हईचा मागमूसही नसेल तर ते भांडं पाण्याचं, अंघोळीचं, पूजेचं किंवा कोरड्या धान्याचं. गिऱ्हाईक ‘हा आमच्या पणजीचा पुरणाचा टोप’ म्हणून सांगतं आणि आत कल्हईचा ठिपका नसतो. पणजी पुरण करत असेल, पण ह्यात नाही.

धातू आणि घडण

फ्रिजवरचं लोहचुंबक हाताशी ठेवा. पितळ, तांबं, कासं, जर्मन सिल्व्हर यांना ते चिकटत नाही. ‘पितळी’ म्हणून दिलेल्या वस्तूला चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा.

घडण बघायला भांड्याच्या आत बोट फिरवा. बारीक बारीक ठोक्यांच्या खुणा असतील तर हातानं ठोकलेलं. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात ते. बुडाशी किंवा पोटाला दातऱ्या एकमेकींत अडकवल्यासारखा सांधा दिसला तर पत्रा कापून, दाते पाडून, डाग देऊन जोडलेलं आहे. आत गोल गोल बारीक रेघा असतील तर ते यंत्रावर फिरवून काढलेलं, म्हणजे त्यामानानं अलीकडचं. जाड, जड आणि आतून खरबरीत असेल तर ओतीव. स्क्रूकडेही लक्ष द्या. माथ्यावर एकच आडवी खाच असेल तर काळ सांगता येत नाही, पण चौफुलीची खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. अर्थात तो मागाहून दुरुस्तीत बसवलेला असू शकतो, म्हणून एका स्क्रूवरून सगळ्या वस्तूचं वय ठरवू नका.

झीज कुठं आहे

सासरे वस्तू हातात घेऊन डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवायचे. मला तेव्हा ते नाटक वाटायचं, पण त्यात अर्थ आहे. माणसाचा हात लाकडाला गुळगुळीत, तेलकट चकाकी आणतो. दोरी तसं करत नाही, ती खाच पाडते. जमीन बोथट करते, धान्य आतून पॉलिश करतं. कुठल्या भागावर कुठली झीज आहे हे कळलं की वस्तू कशी धरत होते आणि तिनं काय करत होते हे आपोआप उलगडतं.

एक उदाहरण घ्या. हातभर लांबीचा लाकडी दांडा, मध्ये दोरी गुंडाळल्याच्या गोल खाचा. दोरीनं उलटसुलट फिरवायची वस्तू, एवढं नक्की. आता खालचं टोक बघा. तिथं कळीसारखा फाकलेला लाकडी गड्डा असेल तर ती ताकाची रवी. लोखंडी टोक किंवा टोक बसवायचं भोक असेल तर सुताराचा सामता, भोक पाडायचा. सामत्याच्या वरच्या टोकाला हातानं दाबून धरायची फिरती मूठ असते किंवा ती बसायची जागा तरी. रवीला ती लागत नाही, ती घुसळखांबाला कड्यांत अडकवलेली असते.

अशी जोडी शोधणं हाच माझा मुख्य उपाय. ‘हे काय असेल’ असा नुसता विचार करत बसलं की काही सुचत नाही, नाहीतर भलतंच सुचतं. त्यापेक्षा ‘हे अमुक असेल किंवा तमुक’ असे दोन उमेदवार उभे करा आणि दोघांत नेमका फरक कशात पडेल ते वस्तूवर शोधा.

तळाला भोक असलेल्या वाट्या

सगळ्यात जास्त घोटाळा ह्यांचा होतो. तांब्याची गोल बुडाची वाटी, तळाला बरोबर मधोमध एक भोक. आणणारे म्हणतात भोक पडलंय, मोडीत घ्या. पडलेलं भोक वेडंवाकडं असतं, कडा कुरतडलेल्या असतात. पाडलेलं भोक गोल असतं आणि मधोमध असतं.

पाडलेलं असेल तर उमेदवार दोन. काठाला टांगायच्या कड्या, साखळी किंवा त्यांची भोकं असतील तर ते अभिषेकपात्र. पिंडीवर टांगून त्यातून पाण्याची धार धरायची. भोक जरा मोठं, पत्रा जाड, आत पाण्याचा क्षार. कड्या नसतील, पत्रा पातळ आणि भोक सुईच्या टोकाएवढं असेल, तर घटिकापात्र असण्याची शक्यता मोठी. हे पाण्यावर तरंगत सोडायचं. भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते आणि बुडते, ती वेळ एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून ६० घटिका. लग्नाचा मुहूर्त साधायला घड्याळं येण्याआधी हेच होतं.

खात्री घरीच करता येते. परातीत नको, खोल घंगाळात किंवा बादलीत स्वच्छ, गाळलेलं पाणी घ्या, वाटी अलगद सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. २४ च्या आसपास बुडाली तर प्रश्न मिटला. पाच-सात मिनिटांत बुडाली तर भोक कुणीतरी मोठं केलंय किंवा ती घटिकापात्र नाहीच. तासभर तरंगत राहिली तर भोकात मळ अडकलाय. तो काढायला सुई किंवा तार घालू नका! तांबं मऊ असतं, भोक हललं की घटिका गेली. कोमट पाण्यात ठेवा आणि तोंडानं फुंका, निघतो.

भोकांवरून आणखी एक. लाकडाची वाटी, तळाला दोन, तीन किंवा चार भोकं, भोकं बाहेरच्या बाजूला तिरकी गेलेली. शहरातल्या घरांत हल्ली हिच्यात मनीप्लांट लावलेला दिसतो. ते पेरणीचं चाडं. मूठभर बी ह्यात सोडत जायचं, भोकांत बसवलेल्या नळ्यांतून ते खाली फणांच्या मागे जमिनीत पडायचं. भोकं मोजा: दोन असतील तर दुफण, तीन असतील तर तिफण, चार असतील तर चार फणांची पाभर. आतली बाजू बियाणं घसरून गुळगुळीत झालेली असते आणि भोकांच्या काठांना नळ्या बसल्याचे वळ असतात. मनीप्लांटला माझी हरकत नाही, पण पाणी घातलं की दोन पावसाळ्यांत लाकूड फुटतं.

आणखी काही जोड्या

बरीच भोकं असलेली धातूची पट्टी. पितळी, गोल आणि सगळी भोकं सारखी असतील तर शेव-शेवयांच्या सोऱ्याची चकती. पोलादी, लांबट आणि भोकं ओळीनं लहान लहान होत गेलेली असतील तर सोनाराची तार ओढायची पट्टी. उजेडाकडे धरून बघा, प्रत्येक भोक एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असतं, कारण तार रुंद बाजूनं घालून ओढत बारीक करत नेतात.

नक्षी कोरलेला लाकडी ठोकळा. नक्षी वर उठून आलेली असेल, मागे मूठ असेल आणि फटींत रंग मुरलेला असेल तर कापडावर उठवायचा ठसा. नक्षी आत खोदलेली असेल तर मिठाईचा साचा, आणि त्याला वर्षानुवर्षांच्या तुपाचा वास बहुतेकदा अजून येतो.

लोखंडाचे चंद्रकोरीसारखे चपटे तुकडे, बारीक भोकांचे: बैलाचे नाल. घोड्याचा नाल एकसंध गोलाकार, पण बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन सुटे तुकडे. पितळेचे पोकळ शंकू जोडीनं सापडले तर बैलाच्या शिंगांच्या शेंब्या. एकच सापडला तर लोक त्याला समईचं टोक समजतात. आत डोकावा. समईच्या भागाला आत आटे किंवा खुंटी असते, शेंबी आतून कोरी.

आणि वजरी. एक कॉलेजातला मुलगा पितळी मोर घेऊन आला होता. घरच्या देव्हाऱ्यात असतो, रोज गंधफूल होतं म्हणे.

‘वहिनी, हा कुठला देव? घरात कुणालाच सांगता येत नाही.’

‘पालथा कर बघू.’

तळाला आडव्याउभ्या बारीक खाचा, आणि हलवला की आत खुळखुळ. पाय घासायची वजरी ती. अंघोळीच्या वेळी टाचा घासायला. वर मोर, पोपट, हत्ती असं काहीतरी धरायला सोयीचं, आणि आत खडे घातलेले, घासताना वाजावेत म्हणून. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकाहून एक वजऱ्या आहेत. मुलगा जरा हिरमुसला. त्याच्या आजीचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: एवढी वर्षं पूजा घेतली आहे, आता मोरीत नाही उतरवणार. बरोबरच आहे.

वजनं आणि मापं

इथं तर्कापेक्षा काटा कामाला येतो. पितळेचा किंवा लोखंडाचा ओळख न पटणारा घट्ट ठोकळा असेल तर डिजिटल काट्यावर ठेवा. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. ५८ ग्रॅमच्या आसपास भरला तर पाच तोळे, ११६ ला दहा तोळे, २३३ ला पावशेर, ४६६ ला अच्छेर, ९३३ ला शेर. पौंड ४५३.६ ग्रॅमचा, तो अच्छेराच्या जवळ येतो म्हणून गोंधळ होतो. पण वजन वापरून झिजतं, वाढत नाही. ४६० ग्रॅम भरलेला ठोकळा झिजलेला अच्छेर असेल, पौंड नव्हे. तळाला शिसं भरलेला खळगा आणि त्यावर शिक्के दिसले तर ते तपासणी झालेलं दुकानाचं वजन. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तेव्हा तोळ्याशेरात बसणारं वजन बहुधा त्याआधीचं.

धान्याच्या मापांचं तसं नाही. शेर म्हटलं तरी गावोगावी माप वेगळं, त्यामुळे एकटं माप मोजून फारसं कळत नाही. दोन-तीन मापं एकत्र सापडली असतील तर तांदूळ भरून बघा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. एकातून दुसऱ्यात बरोबर दोनदा उतरलं तर ती एकाच घरची मालिका आहे. ती फोडून वेगवेगळ्या भावंडांत वाटू नका, एवढी माझी विनंती.

अक्षरं आणि शिक्के

भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायची आपल्याकडे रीत. त्यातली तारीख भांडं दिल्याची असते, घडवल्याची नाही, हे लक्षात ठेवा. आहेराला जुनंच भांडं नाव घालून दिलं जातं. शक असेल तर ७८ मिळवा. शके १८४२ म्हणजे १९२०. संवत असेल तर ५७ वजा करा.

कारखान्याच्या वस्तूंवर ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर ती १९४९ ते १९९० मधली. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १९७२ नंतरची. ‘जी. आय. पी.’ अशी अक्षरं असलेला कंदील, घण किंवा चौकोनी तोंडाची चावी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. ती कंपनी १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली. अक्षरं पुसट असतील तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासा. घासणीपेक्षा हे कधीही चांगलं.

विचारायचं कुणाला

पूजेची वस्तू गुरवाला किंवा जुन्या भटजींना, शेताची सत्तरीच्या पुढच्या शेतकऱ्याला, स्वयंपाकाची गावाकडच्या आज्यांना. विचारताना नाव सुचवू नका. ‘आजी, हा दिवा आहे का?’ म्हटलं की आजी ‘असेल बाई’ म्हणून मोकळ्या होतात. त्यापेक्षा वस्तू त्यांच्या हातात द्या आणि काही न बोलता हाताकडे बघा. ज्यानं ती वापरली आहे त्याचा हात ती बरोबर जागी धरतो, नाव आठवायच्या आधी. नाव कळलं की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघा. १८५७ ची आवृत्ती नेटवर शोधता येते, आणि सुतार, लोहार, सोनारांची अवजारं त्यात पुष्कळ आहेत.

फोटो पाठवून विचारायचं असेल तर एक समोरून, एक बाजूनं, एक तळाचा, आणि शेजारी शाळेची फूटपट्टी. वजन लिहा, चुंबक चिकटतं का ते लिहा, कुठं सापडली ते लिहा. गाव कुठलं आहे यावर अर्धं उत्तर ठरतं. कोकणातल्या घरची वस्तू भाताच्या आणि नारळाच्या कामाची असण्याचा संभव जास्त, आमच्याकडची ज्वारीच्या, उसाच्या, बैलांच्या.

जुन्या बाजारातून वस्तू विकत घेतली असेल तर एक शंका आधी फेडा: ती मुळात जुनी आहे का? मुद्दाम जुनाट केलेल्या पितळेवर हिरवा-काळा रंग सगळीकडे सारखा बसलेला असतो. खऱ्या वापरातल्या वस्तूची हाताला लागणारी जागा उजळ आणि खाचा काळ्या असतात.

थोडं जपून

शेतात किंवा पाया खणताना जमिनीतून काही निघालं तर गोष्ट वेगळी. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ चा कायदा सांगतो, आणि तो अजून आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या मुलाकडे बॅगेत घालून पाठवू नका; १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते चालत नाही. मूठ किंवा फणी हस्तिदंती वाटली तर विकायचा विचार सोडा, त्याच्या व्यापारावर बंदी आहे. आणि गोळा, काडतूस, बंदुकीचा भाग असं काही दिसलं तर ठोकून, चुंबक लावून बघत बसू नका. तिथंच ठेवा आणि पोलिसांना बोलवा.

एवढं करूनही वस्तू कळत नसेल तर मोडीत घालायची घाई नको. आम्ही देतो तो भाव धातूचा, आणि धातू पुढच्या वर्षीही तेवढाच भरेल. एका जाड कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवा: कुणाच्या घरातली, कुठल्या खोलीत सापडली, शेजारी काय काय होतं. शाई नको, दमट माळ्यावर फुटते. चिठ्ठी चिकटपट्टीनं लावू नका, तिचा डिंक पितळेवर डाग धरतो. सुती दोऱ्यानं कड्याला किंवा दांड्याला बांधा, आणि झाकण, साखळी, खुंटी असे जे सुटे भाग निघाले असतील ते त्याच पिशवीत घाला.